ठरीव सोंगे आणि फुकटचे फळ : ‘जंगल क्रूझ’चे कथानक आणि पात्रे

साहसपटातली पात्रे ठरीव असतात ही तक्रार निदान आमच्या सांगलीत तरी कोणी फार गंभीरपणे करू नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्या पद्धतीच्या खेळांत रंगभूमीवर कोण कोण येणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असे. सूत्रधार येणार, त्याच्यामागून विदूषक येऊन त्याची टर उडवणार, मग देवादिकांची पात्रे, आणि मग आरोळ्या ठोकत, तलवारी परजत राक्षस. पदे सूत्रधार गात असे, सोंगे ठरलेली असत आणि भाषणे मात्र नटाच्या ऐनवेळच्या बुद्धीवर सोडलेली असत. ओळखीच्या सोंगाकडून या खेपेला काय काम करून घेतले जाते, हे पाहण्यात त्या प्रेक्षकाला रस होता. डिस्नेचा २०२१ मधला ‘जंगल क्रूझ’ घरच्या टीव्हीवर सावकाशीने पाहताना मी हीच कसोटी लावली. पहिला तास-सव्वा तास चित्रपट या कसोटीला चांगला उतरतो. पुढेही पात्रे बिघडत नाहीत. बिघडतो तो कथानकाचा हिशेब, आणि तो का बिघडतो हे पाहण्यासारखे आहे. (यापुढे शेवटापर्यंतची कथा उघड केलेली आहे, तेव्हा ज्यांना ती आधी कळायला नको असेल त्यांनी चित्रपट पाहून मगच पुढे वाचावे.)

जाउमे कोलेट-सेरा दिग्दर्शित या १२७ मिनिटांच्या चित्रपटाला मूळ कथा अशी नाहीच. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हापासून तिथे याच नावाची एक नौकाफेरी आहे. कृत्रिम नदीतून नाव जाते, काठावर यंत्राने हलणारे प्राणी दिसतात आणि सुकाणू धरलेला नावाडी प्रवाशांना एकाहून एक टुकार कोट्या ऐकवत राहतो. पटकथाकारांच्या हाती एवढेच भांडवल होते. म्हणजे इथे कथेसाठी पात्र शोधावे लागलेले नाही, पात्रासाठी कथा शोधावी लागली आहे. ती त्यांनी जुन्या भांडारातून उचलली. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका खटारा बोटीवरचा गबाळा नावाडी आणि एक करारी इंग्रज स्त्री नदीतून निघतात आणि त्यांची गाठ जर्मनांशी पडते, हा साचा १९५१ च्या ‘द आफ्रिकन क्वीन’मध्ये हंफ्री बोगार्ट आणि कॅथरिन हेपबर्न यांनी गाजवलेला आहे. त्या साच्यात नव्या पटकथाकारांनी शापित स्पॅनिश सैनिक, सर्व रोग बरे करणारी पाकळी आणि एक पाळीव जग्वार यांची भर घातली.

कथा १९१६ मध्ये लंडनला सुरू होते. डॉ. लिली हॉटन ही वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील ‘चंद्राचे अश्रू’ नावाच्या एका वृक्षाच्या शोधात आहे. त्याच्या फुलाची पाकळी कोणताही रोग बरा करते आणि कोणताही शाप उतरवते अशी दंतकथा आहे, आणि युद्धात माणसे मरत असताना हे औषध जगाला मिळावे असा तिचा ध्यास आहे. सर्व धागेदोरे एका प्राचीन बाणाच्या टोकात आहेत, ते टोक संशोधकांच्या एका पुरुषी मंडळाच्या ताब्यात आहे आणि मंडळाला स्त्रीचे व्याख्यान ऐकायचे नाही. म्हणून भाऊ मॅकग्रेगर खाली सभागृहात तिने लिहिलेले व्याख्यान वाचून दाखवतो आणि त्याच वेळी लिली त्याच इमारतीत शिरून ते टोक पळवते. तिथेच प्रिन्स योआखिम या जर्मन राजपुत्राशी तिची पहिली गाठ पडते.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंतचे पाच टप्पे, सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. हॉलीवूडच्या तीन अंकी हिशेबापेक्षा हा हिशेब मला या चित्रपटाला अधिक नेमका बसवता आला, कारण त्यात एक प्रश्न पहिल्यापासून विचारलेला असतो : या कथेचे फळ कोणते आणि त्याचा धनी कोण? जो फळाचा धनी तोच कथेचा खरा अधिकारी, मग जाहिरातीच्या फलकावर नाव कोणाचे मोठे आहे याला महत्त्व उरत नाही. या न्यायाने ‘जंगल क्रूझ’ची अधिकारी लिली आहे, नावाडी फ्रँक नव्हे. बीज तिच्या मनात पडलेले आहे, प्रयत्न तिचा आहे आणि फळासाठी घर सोडून निघाली आहे तीच.

मुखसंधी म्हणून लंडनचा हा प्रसंग मला निर्दोष वाटतो. एका चोरीत नायिकेचे ध्येय, तिच्या वाटेतला सामाजिक अडसर, भावाची निष्ठा आणि प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव या चारही गोष्टी पेरून होतात, आणि त्यांतली एकही कोणी उभे राहून समजावून सांगत नाही. शिवाय मॅकग्रेगरकडे इथे दुहेरी काम आहे. प्रेक्षकांना दंतकथा सांगणारा सूत्रधार तोच आणि भर सभेत फजीत होणारा विदूषकही तोच. भाव्यांच्या रंगभूमीवर ज्या दोघांचा संवाद होत असे, त्या दोघांना इथे एकाच अंगरख्यात बसवले आहे.

फ्रँक वुल्फचा प्रवेश त्याहून हुशारीचा आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो व्हेल्यो या बंदरात तो पर्यटकांना जंगलाची सफर घडवतो, आणि त्या सफरीत सगळेच बनावट आहे. पाण्यातून उसळणारा पाणघोडा खोटा (अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पाणघोडे मुळात नसतातच), आणि काठावरून हल्ला करणारे ‘रानटी’ लोक ठरवून आणलेले. कोट्या तेवढ्या अस्सल वाईट आहेत. साहसपटाचा नायक बहुधा एखादा पराक्रम करत प्रवेशतो. हा नायक पराक्रमाची दुकानदारी करत प्रवेशतो. त्यामुळे पुढे जंगलात जे जे संकट येईल, त्यातले खरे कोणते आणि फ्रँकने मांडलेले कोणते, हा संशय प्रेक्षकाच्या आणि लिलीच्या मनात एकाच वेळी रुजतो. मधला बराच वेळ चित्रपट या एकाच संशयावर चालतो आणि तो काळ अत्यंत मजेचा आहे.

प्रतिमुख संधीत बीज दिसते आणि दिसेनासे होते, असे शास्त्रकार म्हणतात. इथे तेच घडते. बंदराचा मालक निलो याच्या कचेरीत फ्रँक लपूनछपून शिरलेला असताना लिली त्यालाच निलो समजते, तो तसाच वागतो, लबाडी उघडकीला येते आणि तरीही ती त्याचीच बोट भाड्याने घेते. दारूच्या गुत्त्यात फ्रँक एका जग्वारशी झुंज घेऊन तिच्यावर छाप पाडतो. ती जग्वार त्याची पाळीव असल्याचे पुढे कळते. प्रत्येक वेळी विश्वास जमतो आणि मोडतो, पण प्रत्येक वेळी दोघांना एकमेकांविषयी काहीतरी नवे कळलेले असते. लिलीला पोहता येत नाही ही गोष्ट याच भागात पेरली जाते आणि शेवटाकडे ती पाण्याखालच्या मंदिराच्या प्रसंगात नीट उगवते. पेरणी आणि उगवण यांचा इतका सरळ व्यवहार पुढे फारसा दिसत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवला.

याच भागात राजपुत्र योआखिम पाणबुडी घेऊन नदीत शिरतो. भूगोलाचा आग्रह धरणाऱ्याने इथे डोळे मिटावेत. पोर्तो व्हेल्यो हे खरे शहर आहे आणि ते अ‍ॅमेझॉनची उपनदी मादेइरा हिच्या काठी, समुद्रापासून फार आत आहे; १९०७ ते १९१२ या काळात झालेल्या मादेइरा-मामोरे रेल्वेच्या बांधकामाबरोबर ते वाढले. चित्रपटात मात्र हे गाव फ्रँकने वेळ जाईना म्हणून उभारलेले आहे. ही थाप मला आवडली, कारण ती पात्राच्या स्वभावातून आली आहे.

आता पात्रांकडे थोडे थांबून पाहू.

योआखिमचे सोंग पाहताना मला सतत ‘मृच्छकटिक’मधला शकार आठवत होता. राजाचा मेहुणा असल्याच्या तोऱ्यात वावरणारा, पुराणांचे दाखले उलटेसुलटे देऊन हसे करून घेणारा आणि तरीही वसंतसेनेचा गळा आवळण्यापर्यंत मजल मारणारा हा खलपुरुष आपल्याकडच्या प्रेक्षकांना परका नाही. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘मृच्छकटिक’ संगीत नाटक म्हणून मराठीत आणले. (देवल १९१६ मध्येच वारले, म्हणजे चित्रपटाची कथा घडते त्याच साली, याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही.) शकाराचे वैशिष्ट्य हे की त्याच्या मूर्खपणामुळे त्याचा धोका कमी होत नाही. सत्ता घरची असली की मूर्खपणा अधिकच घातक ठरतो. जेसी प्लेमन्सने योआखिम अगदी याच सुरात केला आहे. तो मधमाश्यांशी गप्पा मारतो, पाणबुडीत गातो, आपल्या उच्चारांनी हसू आणतो, आणि पुढच्याच क्षणी माणसे मारण्याचा हुकूम त्याच आवाजात देतो. जर्मनीचा सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याचा योआखिम नावाचा धाकटा मुलगा इतिहासात खरोखरच होता आणि तो १९२० पर्यंत हयात होता. चित्रपटाने त्याचे नाव तेवढे घेतले आहे.

मॅकग्रेगर हा विदूषक संस्कृत नाटकातल्या विदूषकाच्या थेट वंशातला आहे. खाण्यापिण्याची आवड, सुखासीनपणा, जंगलाची भीती, आणि एवढे असूनही सोबत न सोडणे हे सारे गुण त्याच्यात आहेत. तो बोटीवर इतके सामान घेऊन येतो की फ्रँक त्यातले बरेचसे पाण्यात फेकून देतो. या पात्राचे हसे करणे सोपे होते आणि बराच वेळ चित्रपट तेच करतो. पण मध्येच एका रात्री, हातात पेला असताना, तो फ्रँकला सांगतो की लग्नाच्या ठरवाठरवीला त्याने पुन:पुन्हा नकार दिला, कारण त्याचे मन दुसरीकडे होते. घरच्यांनी आणि समाजाने त्याला टाकले, आणि उभी राहिली ती एकटी लिली, म्हणून तिच्याबरोबर तो ज्वालामुखीतही उतरेल. जॅक व्हाइटहॉलने हा प्रसंग अजिबात ओलावा न आणता केला आहे. विदूषक नायकाच्या मागे का असतो हे फार थोड्या कथा सांगतात, आणि इथे त्याचे कारण सांगितले गेल्यावर आधीचे सगळे विनोद वेगळ्या उजेडात दिसतात. ठरीव सोंगातून माणूस बाहेर काढण्याचा हा चित्रपटातला सर्वांत यशस्वी प्रयत्न आहे.

लिलीविषयी थोडी नाराजी आहे, पण ती एमिली ब्लंटविषयी नाही. ब्लंटने शिडीवर लटकण्यापासून कुलपे फोडण्यापर्यंत सगळे काही विलक्षण चपळाईने आणि विनोदाची वेळ अचूक साधत केले आहे, आणि विजार घालणारी बाई म्हणून फ्रँक तिला चिडवतो तेव्हाचे तिचे उलट टोमणेही झकास आहेत. नाराजी अशी की वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून तिच्या ज्ञानाचा कथानकाला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. जंगलात इतक्या वनस्पती असताना ती एकही ओळखत नाही, कोणाला पाल्याचा रस लावत नाही, कोणते झाड विषारी आहे हे तिच्यामुळे कोणाला कळत नाही. तिची विद्वत्ता कपड्यासारखी अंगावर राहते, हातापर्यंत पोहोचत नाही.

फ्रँकचे पात्र सर्वांत गुंतागुंतीचे आहे. आपल्याकडे नायकाचे धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत असे चार प्रकार केलेले आहेत. फ्रँक आरंभी स्वतःला धीरललित म्हणून मिरवतो. कशाचे ओझे नाही, सगळा वेळ मौज. मग त्याची कपटे बाहेर पडतात आणि माया व छद्म यांत रमणाऱ्या धीरोद्धताचा रंग चढतो. शेवटी आत्मत्याग करून तो धीरोदात्ताच्या रांगेत बसतो. एका नायकाने तीन प्रकार ओलांडावेत ही कल्पना मोठी आहे. ड्वेन जॉन्सनला पहिला प्रकार उत्तम साधतो, दुसराही चालतो. तिसऱ्यासाठी चेहऱ्यावर थकवा हवा होता, आणि चारशे वर्षे जगून कंटाळलेल्या माणसाचा थकवा काही त्या चेहऱ्यावर उतरत नाही.

चारशे वर्षे कशी, हे सांगण्यासाठी गर्भसंधीकडे वळावे लागेल.

कथेच्या मध्यावर, शापित स्पॅनिश सैनिकांचा म्होरक्या अगिर्रे फ्रँकच्या छातीत तलवार खुपसतो आणि तो उंचावरून खाली कोसळतो. प्रेक्षक हादरतो, कारण एवढा वेळ सगळी संकटे बनावट निघत होती आणि हे पहिलेच खरे आहे. दुसऱ्या सकाळी फ्रँक धडधाकट उभा असतो. मग उलगडते की तो फ्रान्सिस्को नावाचा नकाशाकार आहे, सोळाव्या शतकात अगिर्रेबरोबरच इथे आला, पाकळीसाठी गाव जाळणाऱ्या अगिर्रेच्या विरोधात उभा राहिला आणि तरीही टोळीप्रमुखाच्या शापात त्यांच्यासह अडकला. शाप असा की नदी दृष्टीआड झाली की जंगलच त्यांना वेलींनी ओढून परत आणते. मरण नाही आणि सुटकाही नाही. पुढे फ्रँकने अगिर्रे आणि त्याच्या साथीदारांना नदीपासून दूर कोंडले तेव्हा ते दगड झाले. योआखिमने पाणी वळवून त्यांना पुन्हा जागे केले. ही पूर्वकथा जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीतात मेटॅलिका या रॉक बँडच्या एका प्रसिद्ध गाण्याच्या सुरावटीवर मांडली आहे आणि चित्रपटातला तो सर्वांत देखणा तुकडा आहे.

कल्पना म्हणून हे सारे उत्तमच आहे. बनावट संकटे विकणारा माणूस स्वतःच एका खऱ्या संकटात शतकानुशतके अडकलेला आहे, हे कळल्यावर त्याच्या टुकार कोट्यांनाही अर्थ येतो. पण नाट्याच्या हिशेबात इथेच गळती सुरू होते. शेजारी बसलेल्या भाच्याने मला लगेच विचारले, ‘‘मामा, जो मरतच नाही त्याला मारून उपयोग काय?’’ पटकथेच्या बैठकीत हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. विमर्श संधीत शाप आणि क्रोध यांसारख्या अडथळ्यांनी फळ दूर जाते. दुर्वासाच्या शापाने शकुंतलेचे सगळे हिरावले जाते, दुष्यंताची स्मृतीसुद्धा. म्हणून पुढचे मीलन मोलाचे ठरते. इथला शाप नायकाकडून काही हिरावून घेण्याऐवजी त्याला कवच देतो. जो अडथळा असायचा तोच संरक्षण होऊन बसल्यामुळे उत्तरार्धातल्या मारामाऱ्या कितीही वेगवान असल्या तरी त्यांत जीव टांगणीला लागत नाही. दगड होणे हे मरणाहून भयंकर आहे, आणि ती भीती चित्रपटाच्या हाताशी होती. पण फ्रँकही दगड होऊ शकतो ही गोष्ट अगदी शेवटापर्यंत कोणाच्या मनावर ठसवलेली नाही.

दुसरी अडचण दोन खलनायकांची आहे. योआखिमला पाकळी युद्ध जिंकण्यासाठी हवी, अगिर्रेला शापमुक्तीसाठी. दोघांचे हेतू वेगळे असूनही पडद्यावर दोघे एकामागून एक तेच काम करतात. त्यातही अगिर्रेवर अन्याय झाला आहे. इतिहासातला लोपे दे अगिर्रे १५६० मध्ये पेद्रो दे उर्सुआच्या मोहिमेबरोबर एल दोरादो या दंतकथेतल्या सोन्याच्या राज्याच्या शोधात अ‍ॅमेझॉनमध्ये उतरला, उर्सुआच्या खुनाच्या कटात सामील झाला, मोहीम ताब्यात घेतली आणि १५६१ मध्ये व्हेनेझुएलात चारी बाजूंनी घेरला गेल्यावर, स्वतः मारला जाण्यापूर्वी, त्याने आपल्या मुलीचा जीव घेतला. चित्रपटातला अगिर्रे आजारी मुलीला वाचवण्यासाठी पाकळी शोधत आलेला बाप आहे. इतिहास असा उलटा फिरवण्याला माझी हरकत नाही. उलट राक्षसाच्या पोटात बापाचे काळीज ठेवण्याची ही कल्पना फार ताकदीची आहे. मुलगी कधीच मरून गेली, तिच्यासाठी मागितलेले औषध मात्र बाप अजून शोधतो आहे, यातून केवढे शोकनाट्य उभे राहिले असते. पण पूर्वकथा संपताच त्याचे शरीर सापांचे आणि त्याच्या एका साथीदाराचे मधमाश्यांचे, या संगणकी करामतीतच दिग्दर्शक रमतो आणि एडगर रामिरेझसारखा नट सापांच्या गुंत्यात हरवून जातो. निलोच्या भूमिकेतल्या पॉल जियामाटीची गतही फार वेगळी नाही. दोन प्रसंग हसवून तो कथेतून निघून जातो.

जंगलातल्या लोकांचे चित्रण हा अशा चित्रपटांचा जुना दुखरा भाग आहे. नौकाफेरीतही आदिवासींची चित्रे हिणकस होती आणि ती बदलण्याची घोषणा डिस्नेने चित्रपट येण्याच्या काही महिने आधी, जानेवारी २०२१ मध्ये केली. चित्रपटाने यावर एक चतुर तोडगा काढला आहे. मुखवटे घालून हल्ला करणारी टोळी प्रत्यक्षात फ्रँकच्या ओळखीची निघते, ठरलेल्या पैशांवर हे नाटक करते आणि तिची प्रमुख ‘ट्रेडर सॅम’ ही एक वैतागलेली, व्यवहारी बाई आहे. व्हेरोनिका फाल्कोनने ती मोजक्या वेळात ठसठशीत केली आहे. पण तोडगा तिथेच संपतो. बाणाच्या टोकावरची चिन्हे वाचून देणे एवढेच तिचे काम. शास्त्राच्या भाषेत तिची कथा प्रकरी राहते, थोडा वेळ येऊन जाणारी; ती पताका व्हायला हवी होती, मुख्य कथेबरोबर शेवटपर्यंत फडकणारी. वृक्ष तिच्या लोकांचा, शाप तिच्या पूर्वजांनी दिलेला, गाव तिचे उद्ध्वस्त होते, आणि शेवटी पाकळीचे काय करायचे हे ठरवताना तिला कोणी विचारतही नाही.

आता निर्वहण. पाण्याखालचे मंदिर मोकळे होते, चंद्रप्रकाशात वृक्ष क्षणभर फुलतो आणि मोठ्या झटापटीनंतर लिलीच्या हाती एकच पाकळी लागते. योआखिम दगडाखाली सापडून मरतो. अगिर्रेला रोखण्यासाठी फ्रँक आपली बोट आडवी घालून नदीचा प्रवाह अडवतो आणि शत्रूंबरोबर स्वतःही दगड होतो. लिलीसमोर प्रश्न उभा राहतो : जगाचे औषध की हा एक माणूस? ती पाकळी फ्रँकसाठी खर्च करते. फळाची धनी असलेल्या स्त्रीने फळ स्वतःच्या हाताने द्यावे, ही या कथेची खरी उंची आहे. तो सगळा प्रसंग मी मनापासून पाहिला.

आणि मग चंद्र पुन्हा डोकावतो आणि वृक्षाला आणखी एक फूल येते.

सुखान्ताला माझा विरोध नाही. ज्या गावात पौराणिक नाटकांवर पिढ्या वाढल्या तिथे तो असणारही नाही. सावित्रीला पतीचे प्राण परत मिळतातच, पण ते ती यमाशी बोलून, एकेक वर पदरात पाडून, स्वतःच्या बुद्धीने मिळवते. लिलीला दुसरी पाकळी मिळते ती केवळ पटकथाकारांच्या दयाळूपणामुळे. तिने ती मागितलेली नाही, तिच्यासाठी काही केलेले नाही आणि त्याबद्दल काही गमावलेलेही नाही. परिणामी पाच मिनिटांपूर्वीचा त्याग मागे जाऊन पुसला जातो. दोन फळांपैकी एक तिच्या वनस्पतिज्ञानातून आले असते, म्हणजे तिने त्या मेल्यासारख्या दिसणाऱ्या झाडाची फुलण्याची रीत ओळखून ते पुन्हा फुलवले असते, तर मी वर नोंदवलेल्या दोन्ही तक्रारी एकाच फटक्यात मिटल्या असत्या. झाड समोर होते, वनस्पतिशास्त्रज्ञ समोर होती, आणि दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही. शेवटी लंडनला परतल्यावर तिला केंब्रिजमध्ये प्राध्यापकपद मिळते, तेही पाकळीच्या बळावर.

जंगलाविषयी दोन शब्द. चित्रीकरण हवाईतील कवाई बेटावर आणि अटलांटात झाले आहे आणि उरलेले रान संगणकाने वाढवले आहे. शिराळा तालुक्याच्या बाजूने पावसाळ्यात चांदोलीच्या परिसरात गेलेल्या माणसाला हे जंगल फार स्वच्छ वाटेल. चिखल आहे पण तो कपड्यांना चिकटत नाही, पाऊस आहे पण जळवा नाहीत, आणि बोटीवरची माणसे घामाने ओली झालेली फारशी दिसत नाहीत. जग्वार मात्र जमली आहे. आपल्याकडच्या उसात फिरणाऱ्या बिबट्यांमुळे इथले प्रेक्षक तिला बिबट्याच म्हणणार, पण जग्वार हा अमेरिका खंडातला प्राणी आहे, अंगाने अधिक भरदार, आणि त्याच्या अंगावरच्या कड्यांच्या आत बारीक ठिपके असतात. संगणकावर घडवलेल्या या जनावराला ते ठिपके आहेत का, हे मी मुद्दाम थांबवून पाहिले, आहेत.

तांत्रिक बाजू खर्चाला साजेशी आहे. संकलन उत्तरार्धात अकारण घाईचे होते आणि मंदिराच्या प्रसंगात कोण कुठे उभे आहे हे काही काळ कळत नाही. फ्रँकच्या कोट्या मुळात इंग्रजी शब्दांवर उभ्या असल्यामुळे भाषांतरात त्यांतल्या निम्म्या विरतात, तेव्हा थोडेफार इंग्रजी कळणाऱ्यांनी चित्रपट मूळ भाषेत, उपशीर्षके लावून पाहावा. पाचपैकी तीन गुण मी देईन. त्यांतला एक पूर्ण गुण मॅकग्रेगरचा आणि अर्धा योआखिमचा. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना सापांनी बनलेला माणूस आणि छातीतून आरपार जाणारी तलवार पाहून भीती वाटण्याची शक्यता आहे, म्हणून मोठ्यांनी सोबत बसावे. त्याहून मोठी मुले मात्र हा चित्रपट मजेत पाहतील, आणि न मरणाऱ्या माणसाविषयीचा प्रश्न त्यांनी विचारलाच, तर त्याचे उत्तर चित्रपटात शोधू नये.